मिटलेल्या डोळ्यांचा झिलू

झिलू वेळीप अडुसष्ट वर्षं जगला आणि तेवढ्या काळात त्याचे एकूण तीन फोटो निघाले. तिन्हींत त्याचे डोळे मिटलेले आहेत. पहिला ओळखपत्राचा. त्या वेळी समोर अचानक फ्लॅश उडाला आणि झिलूला वाटलं, वीज पडली. तेव्हापासून कुणी नुसता कॅमेरा उचलला तरी हा माणूस आधीच डोळे गच्च मिटून घ्यायचा. दुसरा फोटो थोरल्या मुलाच्या, गुरुदासच्या लग्नातला. त्यात नवरा-नवरी हसताहेत, व्याही टोपी सावरतोय आणि मधोमध झिलू उभ्या उभ्या झोपलाय. या फोटोचा उजवा कोपरा कात्रीने कापलेला आहे. तो का, ते पुढे येईलच. तिसरा जोयड्याच्या कंदमेळ्यातला. सात किलोचा कंद छातीशी धरून झिलू उभा आहे. त्या कंदावरचे डोळे एकेक करून मोजता येतात, धरणाऱ्याचे मात्र दोन्ही बंद.

माणूस हिंडता-फिरता होता तोवर याचं कुणाला काही वाटलं नाही. गेल्या पौषात तो गेला आणि आता वर्षश्राद्धाला चौदा दिवस उरले, तेव्हा भिंतीवर लावायला फोटो पाहिजे म्हणून शोधाशोध झाली. दिग्गी गावातल्या त्याच्या घरात तिन्ही फोटो चटईवर मांडले गेले आणि झिलूची बायको येसू ते बघून भडकली.

"जल्मभर जेवला की झोपला," ती म्हणाली. "आता भितीवरबी झोपलेलाच टांगनार व्हय? मला डोळं उघडं असलेला पायजे. मी उठता-बसता कुनाकडं बघू?"

गुरुदास हा कामाला लगेच लागणारा माणूस. तो ओळखपत्र घेऊन रामनगरला दत्तात्रयच्या फोटो स्टुडिओत गेला आणि दोन दिवसांनी कागदात गुंडाळलेली मोठी फ्रेम घेऊन परत आला. कागद सोडला तर आत एक साहेब बसलेला. अंगात काळा कोट, गळ्यात लाल टाय, मागे धबधबा. डोळे उघडे होते, पण घारे. दत्तात्रयच्या कॉम्प्युटरमध्ये तयार डोळ्यांचा एकच जोड असावा आणि तो तालुक्यातल्या सगळ्या मयतांना आळीपाळीने लागत असावा.

येसूने फ्रेमकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "ह्यो ब्यांकेतला मानूस कोन रं? ह्येच्यासाठी मी कुकू पुसलं न्हाई."

"अव्वा, फ्रेमसकट पैसं गेल्यात," गुरुदास म्हणाला. "वर्साच्या दिवशी ह्योच लागनार. दुसरा कुठनं आनू?"

आणि इथे धाकटी सून सुमंगला हिने तोंड उघडलं. ही नंदिगड्ड्याची, दहावी झालेली, गावच्या अंगणवाडीत मदतनीस. डोकं चांगलं, पण तोंड डोक्याच्या चार पावलं पुढे चालायचं. "मी करतो की मोबाईलवर," ती म्हणाली. "फुकटात."

सगळे तिच्याकडे वळले. तिचा नवरा महाबळेश्वर तर असा बघायला लागला, जणू हिने विमान चालवते म्हणून सांगितलंय. गुरुदास हसला. "बारा दिवसांत? कर. न्हाई झालं तर ह्यो सायेब हितंच, ह्या खिळ्याला. आनी मग कुनी तोंड उचकटायचं न्हाई."

रात्रीच्या भाकरीबरोबर सुमंगलेच्या ताटात येसूने लोणच्याची एक फोड जास्त टाकली. म्हातारीने शब्द धरला होता, हे सुमंगलेला कळलं. आता जर जमलं नाही, तर येसूला उरलेली सगळी वर्षं त्या कोटवाल्याच्या समोर बसून तांदूळ निवडावे लागणार होते, आणि ते सुमंगलेच्या बढाईमुळे.

दिग्गीत नेटवर्क येतं ते शाळेच्या वरच्या अंगाला असलेल्या एका सपाट खडकावर, आणि तेही डावीकडच्या टोकाला बसलं तर. अंगणवाडी सुटली की सुमंगला तिथे जाऊन बसायची. मोबाईल नवऱ्याचा जुना, काचेला आडवी चीर. जागा भरलेली म्हणून महाबळेश्वरने साठवलेले बैलांच्या शर्यतीचे सगळे व्हिडिओ तिने आधी पुसून टाकले. त्याला ते अजून माहीत नाही.

फोटो दुरुस्त करायचं फुकटचं अॅप मिळालं. फुकट म्हणजे काय ते तिला लवकरच समजलं. एक फोटो साठवायचा तर आधी पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात बघायची. शहरात ती अर्ध्या मिनिटात संपत असेल. खडकावर ती पाऊण तास चालायची, कारण जाहिरातीतला माणूस दर दोन शब्दांनी थिजून तोंड वासून बसायचा. दिवसाला तीनच फोटो साठवता येत. शिवाय साठवलेल्या प्रत्येक फोटोवर, नेमकं छातीच्या जागी, त्या अॅपचं नाव ठळक अक्षरांत उमटायचं. झिलूने आयुष्यात छातीवर काही लिहिलेला शर्ट घातला नव्हता.

दुसरी अडचण बोटांची. सुगीत भात कापून, झोडपून तिच्या अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना भेगा पडल्या होत्या. काचेला त्या बोटांचा स्पर्शच समजत नव्हता. शेवटी तिने करंगळी शेजारचं बोट वापरायला सुरुवात केली. त्या बोटाने आजवर काहीच काम केलं नव्हतं, त्यामुळे ते मऊ होतं आणि जरा मूर्खही.

पहिल्या दिवशी तिने कंदमेळ्याच्या फोटोवर 'सुंदर करा' असं लिहिलेलं बटण दाबलं. अॅपने क्षणात झिलूच्या सुरकुत्या साफ केल्या, रंग दुधासारखा केला आणि ओठ लालभडक केले. मिटलेल्या डोळ्यांना लांब पापण्याही लावल्या. हे सगळं बघून ती इतकी हादरली की पुसायच्या जागी तिने पाठवायचं बटण दाबलं आणि फोटो वेळीप परिवाराच्या ग्रुपवर गेला. खडकावर असल्यामुळे तो, नेमका त्या दिवशी, लगेच गेला. संध्याकाळी ती खडकावरून उतरायच्या आत मडगावच्या एका चुलत दिराचा निरोप आला: "मुलगी लाजाळू वाटते. स्थळ कुठलं?"

गुरुदासने तो निरोप सगळ्या घराला मोठ्याने वाचून दाखवला. येसू हसली नाही. "शिकालीय ती," एवढंच म्हणाली.

मिटलेले डोळे उघडून देणारं एक बटण अॅपमध्ये होतं, पण त्यावर सोन्याचा मुकुट होता. मुकुट म्हणजे पैसे भरा. महिन्याचे जेवढे मागत होते तेवढ्यात घराचं महिन्याचं तेल आलं असतं. फुकटात एकच वाट होती: दुसऱ्या कुणाचे तरी उघडे डोळे कापून इथे चिकटवायचे. ते कसं कापायचं, कडा कशा पुसट करायच्या, रंग कसा जुळवायचा, हे तिने व्हिडिओ बघून, तुकड्या-तुकड्याने, चार दिवसांत शिकून घेतलं. सरावासाठी घरच्या म्हशीचे डोळे तिने नवऱ्याच्या फोटोला लावले. महाबळेश्वरने तो फोटो बघितला आणि म्हणाला, "बरा आलाय की." त्याला काही वेगळं दिसलंच नाही.

आता प्रश्न राहिला डोळे कुणाचे घ्यायचे हा. मुलाचे बापाला लागतील, असं सुमंगलेला वाटलं. तिने दोन्ही मुलांना सांगितलं, आणि वेळीप घरात भांडण पेटलं.

"अप्पाचं डोळं माझ्याकडं आल्यात," गुरुदास म्हणाला. "सगळी म्हंत्यात."

"कोन सगळी?" महाबळेश्वरने विचारलं. "तुझं डोळं मामाचं हाईत. बारीक."

आधी थोरल्याचा मान म्हणून गुरुदासचा फोटो काढला. त्याने नवा शर्ट घातला, केस विंचरले, आणि काळा गॉगल लावून समोर येऊन उभा राहिला. डोळ्यांसाठीच फोटो काढायचा आहे, हे त्याला तीनदा सांगावं लागलं. ते डोळे लावल्यावर झिलू असा दिसायला लागला की आता उठून कुणाच्या तरी कानाखाली वाजवणार. महाबळेश्वरचे लावले तर झिलू दुपारीच ताडी पिऊन आल्यासारखा. तरी दोन्ही फोटो तिने येसूपुढे नेले.

येसूची तपासायची पद्धत तिची स्वतःची होती. ती मोबाईल हातात घ्यायची, तोंडाजवळ न्यायची आणि फोटोला विचारायची, "मीठ कसं झालंय?" मग वाट बघायची. झिलू जेवताना कधी बोलला नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर तो फक्त ताटावरून डोळे वर उचलायचा आणि येसूकडे बघायचा; अर्धा राग, अर्धं हसू. बेचाळीस वर्षं येसू त्या नजरेवर मीठ वाढत आली होती.

गुरुदासच्या डोळ्यांच्या झिलूला तिने विचारलं, थांबली, म्हणाली, "न्हाई." महाबळेश्वरच्या डोळ्यांच्या झिलूला विचारलं, थांबली, म्हणाली, "न्हाई." त्या दुसऱ्या खेपेला सुमंगलेने बघितलं की म्हातारीने मोबाईल उलटा धरलाय. पण वय झालंय, चष्मा नाही, म्हणून ती गप्प बसली.

सहा दिवस उरले. कोटवाला साहेब कोपऱ्यात भिंतीला टेकून तयारच होता. सुमंगला संध्याकाळी मागच्या पडवीत येसूबरोबर कणगीचे कंद सोलत बसली होती. रडकुंडीला आली होती, आणि चाकू कंदावर नुसताच फिरत होता.

"आत्ती, मला न्हाई जमायचं," ती म्हणाली. "ह्या दोघांत अप्पांचं डोळं न्हाईतच."

"न्हाईतच," येसू म्हणाली. तिने हातातला कंद पाण्यात टाकला. "त्यानं डोळं सगळ्यांस्नी वाटून दिलं न्हाईत. एकीलाच दिलं."

सुमंगलेचा चाकू थांबला. या घरात येऊन तिला सहा वर्षं झाली होती आणि या सहा वर्षांत त्या एकीचा विषय कुणी काढला नव्हता. पण ठाऊक होतंच. गिरजा, झिलूची मुलगी, दोघा भावांच्या मधली. अकरा वर्षांपूर्वी ती रामनगरच्या योगेशबरोबर निघून गेली. तो टेम्पो चालवायचा, जात वेगळी. झिलूने देवापुढच्या दिव्यावर हात ठेवून आण घेतली होती: तिचं तोंड मी बघणार नाही, ते या घरात दिसणार नाही. मग कात्री आणून त्याने लग्नाच्या फोटोतून तिला कापून टाकलं. म्हणजे या घरातलं पहिलं एडिटिंग झिलूनेच केलं होतं, आणि तेही फुकटात. तो गेल्यावर गिरजा धावत आली होती. गुरुदासने तिला ओढ्याच्या अलीकडे पाय टाकू दिला नाही. बापाची आण मोडू देणार नाही म्हणाला. ती पलीकडच्या काठावर दिवसभर बसली आणि संध्याकाळी निघून गेली.

"रामनगरच्या स्टँडाम्होरं भज्याची गाडी हाय म्हनं," येसू कंदाकडे बघत म्हणाली. "मी काय सांगितलं न्हाई तुला."

दुसऱ्या दिवशी सुमंगला प्रिंटचा भाव विचारायचा म्हणून सकाळच्या गाडीने रामनगरला गेली.

गाडी शोधावी लागली नाही. कढईपाशी उभी असलेली बाई एका गिऱ्हाइकाला काहीतरी सुनावत होती, आणि सुमंगलेला रस्त्याच्या पलीकडूनच वाटलं, अप्पा साडी नेसून उभे आहेत. तिने जवळ जाऊन आपण कोण ते सांगितलं, काम काय तेही सांगितलं. गिरजाने सगळं ऐकून घेतलं, झारा कढईच्या कडेवर आपटला.

"माझं डोळं? त्या मानसाला?" ती म्हणाली. "मेल्यावर तोंड बघू दिलं न्हाई मला. वढ्यावरनं हाकलली, कुत्र्यागत. आता डोळं पायजेत. उद्या किडनी मागशिला."

"किडनी न्हाई लागायची, वन्सं. ते गेल्यात."

हे बोलून गेल्यावर सुमंगलेने जीभ चावली. गिरजाने तिच्याकडे बघितलं, आणि तिला खुदकन हसू आलं. मग तिने मिरच्या पिठात बुडवल्या, तळल्या, काढल्या.

"कुठं टांगनार?" तिने शेवटी विचारलं.

"सोप्यात. दाराम्होरं."

"म्हंजे येनारा-जानारा सगळा दिसनार."

"व्हय."

गिरजाने पदराने तोंड पुसलं आणि ताठ उभी राहिली. "काढ."

सुमंगलेने मोबाईल उचलला आणि बटण दाबलं. फोटोत गिरजाचे डोळे मिटलेले होते. पुन्हा काढला. पुन्हा मिटलेले. "वन्सं, डोळं उघडं ठेवा," ती म्हणाली. "उघडंच हाईत की," गिरजा म्हणाली. पाच फोटो काढले आणि पाचही वेळा, बोट बटणावर जायच्या आधीच, त्या बाईने डोळे गच्च मिटून घेतले. सुमंगलेने ते फोटो तिच्यासमोर धरले. गिरजाने एकेक बघितला. तिचं तोंड आधी वाकडं झालं आणि मग ती भर रस्त्यात, कढईपुढे उभी राहून रडली. बापाचं काय काय आपल्यात राहिलंय, याचा तिला अकरा वर्षांत पत्ताच नव्हता.

पण रडलेले डोळे काही कामाचे नव्हते. परतीच्या बसला अर्धा तास राहिला होता. सुमंगलेने मग भज्यांची एक बशी मागितली, मोबाईल चटणीच्या डब्याला टेकवून ठेवला आणि म्हणाली, "फोटो ऱ्हाऊ दे. मी जरा जाहिरात बघत खातो." व्हिडिओ आधीच चालू केला होता. तिने एक भजं तोंडात टाकलं, सावकाश चावलं आणि म्हणाली, "वन्सं, मीठ जरा कमी हाय."

रामनगरच्या स्टँडवर गिरजाच्या भज्याला आजवर कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. तिने मान खाली ठेवूनच डोळे वर उचलले. अर्धा राग, अर्धं हसू. सुमंगला बसल्या जागी शहारली. भज्यात मीठ अगदी बरोबर होतं.

पुढचे तीन दिवस तिने खडकावर काढले. व्हिडिओतला तेवढाच क्षण थांबवून डोळे कापले, कंदमेळ्याच्या फोटोतल्या झिलूला लावले, कडा त्या मूर्ख बोटाने पुसट केल्या. गिरजाच्या डोळ्यांत काजळ होतं. ते ठिपक्या-ठिपक्याने पुसता पुसता दोन दिवस गेले, तरी डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात किंचित उरलंच. म्हाताऱ्याला ते शोभत होतं, म्हणून राहू दिलं.

येसूने या खेपेला मोबाईल घेण्याआधी हात धुतले. पदराने काच पुसली, मोबाईल सरळ धरला आणि विचारलं, "मीठ कसं झालंय?"

ती थांबली नाहीच. लगेच म्हणाली, "कमी झालंय म्हंतोय," आणि काच छातीशी धरून रडायला लागली. सुमंगलाही रडली. थोड्या वेळाने तिने नाक पुसत म्हटलं, "आत्ती, त्या खेपेला तुमी मोबाईल उलटा धरला व्हता."

"उलटा व्हता व्हय?" येसू म्हणाली. "मला काय कळतंय गे मोबाईलातलं."

फोटो रामनगरहून छापून आला. फ्रेम नवी आणायची ऐपत नव्हती, म्हणून कोटवाल्या साहेबावरच नवा फोटो ठेवून मागचे खिळे पुन्हा ठोकले. म्हणजे साहेब अजून आत आहे, झिलूच्या पाठीमागे, धबधब्यासकट. गुरुदासने फोटो बघितला, दोन पावलं मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"बघितलासा?" तो म्हणाला. "माझंच डोळं. मी म्हनत न्हवतो? पयल्यांदा हिनं नीट चिकटवलं न्हवतं."

सुमंगलेने येसूकडे बघितलं. येसू सुपातले तांदूळ पाखडत होती. सुमंगलेचं तोंड आयुष्यात पहिल्यांदाच मिटलेलं राहिलं. त्यानंतर वर्षश्राद्धापर्यंत दिग्गीतला जो माणूस दारात आला त्याला गुरुदास हाताला धरून फोटोपुढे नेत होता आणि आधी फोटोकडे, मग आपल्या डोळ्यांकडे बोट दाखवत होता. शेजारचा परशुराम तर चारदा सापडला.

श्राद्धाच्या दिवशी सोपा भरून गेला. फोटोला झेंडूचा जाड हार घातला होता. भक्ती होतीच, पण छातीवरचं अॅपचं नाव झाकायला दुसरा उपाय नव्हता. पानं मांडली जात होती तेवढ्यात अंगणात कुणीतरी आलं आणि बोलणी एकदम बंद झाली. गिरजा दारात उभी होती. हातात नारळ, डोक्यावर पदर. तिला निरोप कुणी पाठवला हे कुणी विचारलं नाही. येसू चुलीपुढून उठून आधीच सोप्यात येऊन उभी राहिली होती.

गुरुदास उंबऱ्यावर आडवा झाला. "अप्पांची आन हाय," तो म्हणाला. आवाज मोठा होता, पण नीट लागत नव्हता. "हिचं तोंड ह्या घरात दिसनार न्हाई. मी दिसू देनार न्हाई."

"मग त्यो फोटो उतरव," येसू म्हणाली.

"कशापायी?"

"ते डोळं तिचं हाईत."

सोप्यात बसलेल्यांनी फोटोकडे बघितलं, मग दाराकडे. मग पुन्हा फोटोकडे. दारातली बाई खाली मान घालून, डोळे वर करून गुरुदासकडे बघत होती आणि भिंतीवरचा झिलू त्याच नजरेने त्याच्या पाठीकडे. सांगायची काही गरज उरली नव्हती. मागून परशुराम म्हणाला, "पन गुरू, तू तर तुझं म्हनलास की रं. चारदा." कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यात लपवलं.

गुरुदास लाल झाला. तो तरातरा आत आला, स्टूल ओढलं आणि फोटो उतरवायला वर चढला. सुमंगलेने श्वास धरला. तो खाली काढला की आतला कोटवाला बाहेर येणार, आणि मग आत्तीला कायमचा तोच. गुरुदासने फ्रेमला दोन्ही हात लावले. आता बाप आणि तो समोरासमोर होते, एका विताच्या अंतरावर. गुरुदासनेही लहानपणापासून त्याच आमटीच्या ताटापुढे बसून ती नजर बघितली होती, आणि बाप गेल्यापासून, कधी कुणाला न सांगता, तिची वाट बघितली होती. तो तसाच उभा राहिला. खांदे हलायला लागले.

"त्यो म्हनला व्हता, तिच्याकडं बघनार न्हाई," येसू खालून म्हणाली. "आता बघाय लागतंय. तेबी तिच्याच डोळ्यांनी. जा म्हनावं कुठं जातोस ते."

गुरुदासने हाताने हार उजवीकडचा डावीकडे सरकवला, पुन्हा उजवीकडे केला. मग बाहीने तोंड पुसून खाली उतरला.

"हार वाकडा झालता," तो म्हणाला, आणि स्टूल उचलून दारातून बाजूला झाला.

गिरजा आत आली. फोटोपुढे नारळ ठेवला, वर बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिली. महाबळेश्वरने आपल्या शेजारी तिच्यासाठी पान मांडलं. येसूने स्वतः वाढलं, भात, आमटी, कणगीची भाजी, आणि वाढून झाल्यावर भांडं खाली ठेवून तिच्यासमोर बसली.

"मीठ कसं झालंय?" तिने विचारलं.

गिरजाने पहिला घास खाल्ला. पानावरून नुसते डोळे वर उचलले आणि आईकडे बघितलं.

येसू गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मीठ आणायला आत गेली.